शिंग पुढे गेलं

क्रिसांतो ब्रिसुएलाने हात पुढे केला आणि शिंग त्या हातासमोरून निघून पुढच्या माणसाकडे गेलं. एवढंच झालं. बाकी सकाळ रोजच्यासारखीच होती. राष्ट्राध्यक्षांच्या निवासाचा मागचा व्हरांडा, समोर नदी, नदीपलीकडे चाकोच्या ओसाड मुलखाचा सपाट, कंटाळलेला काठ, वेताच्या खुर्च्या आणि जानेवारीचं ते ऊन, जे राजधानी असुन्सिओनमध्ये सकाळीच भर दुपारच्या तोऱ्यात येऊन बसतं. सार्जंट पाब्लिनो नेहमीच्या स्टुलावर बसून तेरेरेचं गार पेय ओतत होता. गुडघ्यांमध्ये बर्फाच्या पाण्याचा थर्मास, त्या पाण्यात कुटून टाकलेल्या पुदिन्याचा वास, बैलाच्या शिंगाचा काळा पेला, पेल्यात येर्बाच्या पाल्याचा हिरवा चुरा आणि चुऱ्यात रुतलेली चांदीची नळी. एकच शिंग, एकच नळी आणि गोल बसलेली माणसं. पाब्लिनो भरून द्यायचा. ज्याला दिलं तो तळाशी गुरगुर होईपर्यंत ओढायचा आणि परत द्यायचा. पाब्लिनो पुन्हा भरून त्याच्या शेजाऱ्याला द्यायचा. या देशाची राज्यघटना बऱ्याचदा बदलली होती, हा क्रम कधी बदलला नव्हता. आणि आज दुसऱ्या फेरीत अर्थमंत्री फ्रेतेसनंतर राष्ट्राध्यक्षांकडे यायचं शिंग सरळ गृहमंत्री बोगादोकडे गेलं. ब्रिसुएलाचा हात हवेत राहिला. त्याचं काय करावं हे क्षणभर त्याला सुचेना. मग तो हात, जणू मुळात त्याच कामाला निघाला होता अशा थाटात, मिशीवरून फिरला. तो मिशीवरून फिरला हे लक्षात आलं आणि ब्रिसुएलाने तो तिथून झटकन खाली घेतला. कारण हवेत राहिलेला हात मिशीवरून फिरताना त्याने पूर्वी पाहिला होता.

तो हात डॉक्टर आगुएरोचा होता. शेतीमंत्री. व्हरांडा हाच, नदी हीच. खुर्चीत तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जनरल आल्देरेते आणि पाब्लिनोच्या जागी, स्टुलावर, लेफ्टनंट क्रिसांतो ब्रिसुएला. काआसापाच्या एका विहिरी खणणाऱ्याचा हा मुलगा लष्करात कशानेच उठून दिसला नव्हता. फक्त ओतताना त्याचा हात थरथरत नसे. जनरलसमोर बाकी सगळ्यांचा थरथरे. तेवढ्या गुणावर त्याची नेमणूक झाली, आणि ती नेमणूक कुठल्याही मंत्रिपदाहून मोठी आहे हे त्याला पहिल्या महिन्यात कळलं. जनरल बोलायचा नाही. ओतणाऱ्याकडे बघून पापण्या जरा खाली आणायचा, आणि शिंग कोणाला तरी टाळून पुढे जायचं. त्या दिवशी ते डॉक्टरला टाळून गेलं. डॉक्टरने मिशी सारखी केली. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे एकदम नदीकडे बघायला लागले, जणू नदी आजच आली होती. संध्याकाळी डॉक्टरची गाडी काठावर सापडली, दार उघडं, रेडिओ चालू, रेडिओवर पोल्काची धून. ब्रिसुएलाला नंतर अनेक वर्षं आठवत राहिलं ते गाडीचं नव्हे. ओलं, गार शिंग तळहातात घेऊन डॉक्टरच्या बोटांच्या अगदी जवळून नेताना त्या बोटांची ऊब त्याच्या मनगटाला लागली होती. आणि ते त्याला आवडलं होतं.

"निवडणुकीच्या पोस्टरवर साहेब हसताहेत ते छान आलंय," फ्रेतेस म्हणत होता. फ्रेतेस जाडा होता आणि बोलताना स्वतःच्याच पोटाकडे बघे.

"लोकांनी आधी दात पाहिले नव्हते ना," बोगादो नळी ओठांतून काढून म्हणाला. "लुके गावातल्या एका बाईने पोस्टर बघितलं, पोर कडेवर घेतलं आणि रस्ता बदलला."

"मग मत देणार म्हणायची."

"देणार तर. धावत जाऊन देणार."

सगळे हसले. ब्रिसुएलाही हसला. हसताना त्याने एकेकाचं तोंड तपासलं. बोगादो, केस चापून बसवलेला, कायम नुकतीच अंघोळ करून आल्यासारखा. रक्षकदलाचा कर्नल इसासी, जो हसताना आवाज करत नसे. फ्रेतेस. आणि पाब्लिनो, मान खाली घालून गुडघ्यांमधला थर्मास सारखा करणारा. चौघांपैकी कोणाला ठाऊक आहे? की चौघांनाही? आपण स्टुलावर होतो तेव्हा कोणाकोणाला ठाऊक होतं? सगळ्यांना. जनरल सोडून सगळ्यांना. ज्या सकाळी लेफ्टनंटचा कर्नल झालेल्या ब्रिसुएलाने भरलेलं शिंग खुद्द जनरलला टाळून शेजारच्या तोफखानाप्रमुखाला दिलं, त्या सकाळी व्हरांड्यावरच्या प्रत्येकाला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं, आणि तरीही सगळे फुटबॉलबद्दल बोलत होते. म्हाताऱ्याने हात पुढे केला होता. तो हात त्याने मिशीकडे नेला नाही, तो हुशार होता, त्याने हात परत मांडीवर ठेवला, थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझी टोपी." दाराशी उभा असलेला एक शिपाई न सांगता टोपी घेऊन आला, बाहीने तिची धूळ पुसून त्याने ती दिली. तो शिपाई म्हणजे पाब्लिनो. जनरल टोपी घालून विमानात बसला आणि परदेशात कुठल्याशा गावात कुत्री पाळत मेला. एक गोळी उडाली नाही. शाळेच्या पुस्तकांत त्या सकाळीला थोर क्रांती म्हणतात. खरं तर पाण्याचा एक घोट वाचला होता, एवढंच.

तेव्हापासून ब्रिसुएलाने दोन गोष्टींची काळजी घेतली. ओतायला असा माणूस ठेवला ज्याला काही नको होतं. पाब्लिनोला खरोखरच काही नको होतं. बढती दिली तर गणवेश घट्ट होतो म्हणाला, घर दिलं तर बायकोची चिपा-पावाची भट्टी लांब पडते म्हणाला. असल्या माणसाची आधी भीती वाटते आणि मग सवय होते. दुसरी काळजी टोपीची. टोपीच्या अस्तरात कोणी काही शिवेल, काही चोळेल, या विचाराने एकदा ब्रिसुएलाचा आठवडाभर डोळा लागला नव्हता. मग त्याने हुकूम काढला की टोपी रोज नव्या जागी लपवायची आणि जागा पाब्लिनोने कोणालाही सांगायची नाही, खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही नाही, कारण राष्ट्राध्यक्ष झोपेत बोलतात. रोज निघताना तो विचारी, "माझी टोपी?" आणि पाब्लिनो कधी पिठाच्या डब्यामागून, कधी देव्हाऱ्यातल्या कुमारी मातेच्या पाठीमागून टोपी घेऊन येई. "आज आईसाहेबांकडे होती," तो सांगे. हा त्यांचा विनोद होता. राष्ट्राध्यक्षांच्या नावाचे या देशात तीन पूल होते, त्यांतल्या एकाखाली नदीही होती. पण विनोद हा एवढाच होता.

आणि आता हाच पाब्लिनो. ब्रिसुएला पहिली फेरी आठवू लागला. पहिल्या फेरीत सगळं ठीक होतं. शिंग आलं, त्याने तळापर्यंत ओढलं, परत दिलं. नाही, ठीक नव्हतं. परत घेताना पाब्लिनोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं, भुवई उचलून. का? आणि त्याच वेळी फ्रेतेस बोलता बोलता थांबला होता. इसासीने खुर्ची जराशी मागे घेतली होती. क्षणभर सगळी फेरी गप्प झाली होती आणि मग बोगादो, नेमका बोगादो, उन्हाबद्दल काहीतरी म्हणाला होता. म्हणजे तेव्हाच ठरलं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत, एका भुवईत. घसा कोरडा पडला होता. समोर बर्फाचं पाणी होतं आणि तो या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता, आणि मला दे असं म्हणणं शक्य नव्हतं. फेरीत मागून कोणी घेत नाही. मागितलं की आपल्याला टाळलंय हे आपल्या तोंडाने कबूल केलं. जनरलने मागितलं नव्हतं. पण कोणीच मागितलं नव्हतं असंही कसं म्हणावं. एकाने मागितलं होतं. तो कुठल्याशा थंड देशाचा राजदूत, गुलाबी, घामाघूम. त्याला पहिलं शिंग दिलं तेव्हा त्याने ते पिऊन परत देताना अदबीने मान झुकवून आभार मानले होते. इथे आभार शेवटी मानतात, पोट भरल्यावर, मला आता पुरे या अर्थाने. पहिल्याच घोटाला मानले की ओतणारा त्याला फेरीतून वगळतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. राजदूताला कळत नव्हतं. शिंग पुन्हा पुन्हा त्याच्या नाकासमोरून गेलं, शेवटी त्याने "मला जरा," असं म्हणून हात केला, आणि जनरल इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ओत रे त्याला, ब्रिसुएला," तो म्हणाला होता. "गोऱ्याला आभार मानायची खोड आहे, तहानेने मरेल बिचारा."

आभाराची खोड. या शब्दांपाशी ब्रिसुएलाचं मन जरा अडखळलं, दाराच्या उंबऱ्याला पाय लागावा तसं, आणि पुढे गेलं. कारण आभार म्हटलं की त्याला ती ग्रिसेल्दाबाई आठवली आणि तिचा राग आला. निवडणुकीसाठी त्याची प्रतिमा सुधारायला तिला ब्वेनोस आयरेसहून आणली होती. मत एकाच पेटीत पडणार असलं तरी ते हसतमुखाने पडावं, अशी या वेळी परदेशी बँकांची इच्छा होती. बाई म्हणाली, लोकांना तुमची भीती वाटते. तो म्हणाला, मग काम झालंच आहे. ती म्हणाली, नाही, आता त्यांना तुमच्याबद्दल माया वाटायला हवी. आणि तिने जेवणाच्या टेबलावर एक घंटी ठेवली. कोणी मीठ दिलं, खुर्ची ओढली, दार उघडलं आणि राष्ट्राध्यक्ष "आभारी आहे" म्हणाले नाहीत की बाई घंटी वाजवी. ज्याने आयुष्यात कोणाला घाबरून उत्तर दिलं नव्हतं तो माणूस त्या घंटीला घाबरला. पहिल्यांदा त्याने माळ्याचे आभार मानले तेव्हा माळी पांढराफटक पडला, घरी गेला, आणि बायकापोरांसकट त्याच दिवशी नदी ओलांडून पळाला. पण हळूहळू जिभेला वळण लागलं. आता बाई परत गेली होती, घंटी गेली होती आणि जीभ आपलं काम आपणच करत होती. तो आभार मानतो हे लोक त्याला सांगत, त्याला स्वतःला ऐकू येत नसे, आपल्या श्वासाचा आवाज ऐकू येत नाही तसं.

शिंग इसासीकडे गेलं होतं. इसासी संथपणे ओढत होता. आता ते परत पाब्लिनोकडे जाईल, मग फ्रेतेसकडे, आणि मग पुन्हा त्याच्या हातासमोरून. दुसऱ्यांदा टाळलं की संपलं. दुसऱ्या खेपेला सगळे उघड उघड नदीकडे बघतील. जनरलने वाट पाहिली, म्हणून जनरलने कुत्री पाळली. ब्रिसुएलाला कुत्री आवडत नसत.

"कर्नल," तो म्हणाला. "याला उचला."

इसासीने नळी तोंडातून काढली. "कोणाला, साहेब?"

"याला. ओतणाऱ्याला."

पाब्लिनोने वर पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यात खालचे दोन दात नव्हते, हे ब्रिसुएलाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

"माझं काय चुकलं, साहेब?"

"तुला माहीत आहे."

"नाही हो. पाणी गार नाही का? बर्फवाला आज उशिरा आला, त्याला मी..."

"मला वगळून ओतायला तुला कोणी सांगितलं?"

पाब्लिनोच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली. तो जवळजवळ हसला. "अहो ते होय. साहेब, पण मघाशी तुम्हीच तर..."

"तोंड उघडलंस तर उरलेले दात हातात देईन."

पाब्लिनोने तोंड मिटलं. हुकूम पाळायची त्याला सवय होती, आणि ती सवय त्या सकाळी त्याच्या जिवावर उठली. त्याने फ्रेतेसकडे पाहिलं, मग बोगादोकडे. दोघांनी मघाचं सगळं ऐकलं होतं, एका शब्दाने काम झालं असतं. फ्रेतेस आपल्या पोटाकडे बघत होता. बोगादोच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हळूहळू उमटत होतं, पाण्यात टाकलेला पाला फुलतो तसं. इसासीने बोट वर केलं, दाराशी उभे असलेले दोन सैनिक आले. पाब्लिनो उठला, गुडघा धरून, एकदा कण्हून. थर्मासचं झाकण त्याने घट्ट लावलं आणि तो बोगादोच्या हातात दिला. "बर्फ संपत आलाय," तो म्हणाला. "साहेबांना कोमट चालत नाही."

"कुठे न्यायचं?" इसासीने विचारलं.

"चाकोत."

चाकोत म्हणजे कुठे, हे विचारायची या देशात पद्धत नव्हती. सैनिक त्याला घेऊन जिन्याने खाली अंगणात गेले. ब्रिसुएलाला बरं वाटलं. हात पुन्हा आपले झाले. उठाव म्हणतात तो हा, आणि तो एका वाक्यात मोडला. जनरलला हे जमलं नव्हतं. बोगादो खुर्चीतून उठून स्टुलावर बसला, कोणी न सांगता, आणि शिंग गुडघ्यावर घेऊन म्हणाला, "आज मी ओततो, साहेब. पहिलं तुम्हाला." त्याचा हात थरथरत नव्हता. ब्रिसुएलाने ते टिपलं, पण त्याला तहान फार लागली होती. त्याने शिंग घेतलं आणि ओढलं. गार पाणी, पुदिन्याची तिखट थंडी, येर्बाचा कडू, मातकट घोट. तो घशातून उतरताना त्याला आईची आठवण झाली, विहिरीच्या काठावर बापाला शिंग देणारी, विहिरीतून वर आलेला बापाचा ओला हात. तळाशी गुरगुर झाली. खाली अंगणात ट्रकचं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. व्हरांड्यावर इतकी शांतता होती की पुदिन्याच्या पानावर बसलेली माशी ऐकू आली असती. ब्रिसुएलाने शिंग बोगादोला परत दिलं, आणि त्या शांततेत कोणीतरी म्हणालं, "आभारी आहे."

आवाज ओळखीचा होता. मग त्याच्या लक्षात आलं की तो आपलाच होता.

त्याला पहिली फेरी दिसली, आता आवाजासकट. शिंग परत देताना तो म्हणाला होता, आभारी आहे. पाब्लिनोने भुवई उचलून पाहिलं होतं: आजपासून एकातच पुरे का, साहेब? फ्रेतेस थांबला होता, कारण राष्ट्राध्यक्ष फेरीतून उठल्यावर मंत्र्यांनी पीत राहावं की नाही हा प्रश्न होता. मग पाब्लिनोने रिवाज पाळला होता. मागितल्याशिवाय आग्रह करायचा नाही. खाली ट्रक पुन्हा खोकला. जुनं इंजिन, उन्हात लवकर धरत नाही, हे ब्रिसुएलाला माहीत होतं, लेफ्टनंट असताना त्यानेच ते कितीदा धक्का मारून चालू केलं होतं. अजून वेळ होता. कठड्यापाशी जाऊन फक्त "थांबा रे" म्हणायचं. एवढे दोन शब्द. पण ते म्हटले की सांगावं लागणार: राष्ट्राध्यक्षांना आपल्या तोंडातून काय जातं ते कळत नाही. राष्ट्राध्यक्ष एका पाण्याच्या घोटाला घाबरले. त्या गुलाबी राजदूताएवढी अक्कल राष्ट्राध्यक्षांना आहे. त्याने एका बाजूला पाब्लिनोला ठेवलं, त्याचे गुडघे, चिपाची भट्टी, आईसाहेबांकडची टोपी; दुसऱ्या बाजूला या तिघांचे चेहरे. तसा फारसा विचार करावा लागला नाही. आयुष्यभर त्याने असल्या दोन बाजू तोलल्या होत्या आणि पारडं नेहमी एकाच बाजूला झुकलं होतं. हात आपोआप तिकडे जाई. फक्त आज झुकताना थोडं दुखलं, आणि ते दुखणं नवीन असल्यामुळे त्याला ते नक्की कुठे आहे ते सापडेना.

"ऊन फार आहे आज," तो म्हणाला.

"आहे खरं, साहेब," फ्रेतेस पोटाकडे बघत म्हणाला.

ट्रकचं इंजिन धरलं. फाटक उघडल्याचा, मग लागल्याचा आवाज आला. बोगादोने शिंग भरून इसासीला दिलं. इसासीने तळापर्यंत ओढलं. मग फ्रेतेसला. मग बोगादो स्वतः प्यायला, सावकाश, डोळे मिटून. त्याने शिंग पुन्हा भरलं. आता राष्ट्राध्यक्षांची पाळी होती. शिंग बोगादोच्या हातात वर उचललं गेलं, ब्रिसुएलाच्या छातीसमोरून, इतक्या जवळून की त्याच्या बोटांना त्याचा गारवा लागला, पुढे गेलं आणि इसासीच्या हातात विसावलं. रिवाजाप्रमाणे अगदी बरोबर. त्याने आभार मानले होते, सगळ्यांनी ऐकलं होतं. यात कोणालाही बोट ठेवायला जागा नव्हती. ब्रिसुएलाने बोगादोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हा रिवाज आहे की ते दुसरं आहे ते ओळखायला. ओळखू येत नव्हतं. चेहरा स्वच्छ होता, अदबशीर होता. ब्रिसुएलानेही तेव्हा असाच ठेवला होता. शिंग देण्याआधी बोगादोने इसासीकडे पाहिलं होतं का? आणि इसासीने पापण्या जरा खाली आणल्या होत्या, की ऊन डोळ्यांवर आलं होतं?

"ग्वारानी क्लबाचा तो नवा गोलकीपर," बोगादो म्हणाला, "काय माणूस आहे. चेंडू आला की देवाचं नाव घेतो आणि बाजूला होतो."

"देव तरी काय करणार," फ्रेतेस म्हणाला. आणि मग तो, आणि बोगादो, आणि आवाज न करता हसणारा इसासी, असे तिघेही नदीकडे बघायला लागले.

आज सकाळपर्यंत त्यांच्या मनात काहीही नव्हतं. हे ब्रिसुएलाला आता पक्कं कळत होतं, आणि ते कळण्याचा काही उपयोग नव्हता. ट्रक हलताना त्या तिघांनी पाहिलं होतं की हा माणूस आपलं बोलणं ऐकत नाही आणि सावलीला गोळी घालतो. अशा माणसापाशी बसणं धोक्याचं असतं. त्याने जनरलबद्दल अगदी हाच विचार केला होता. त्याने हात परत मांडीवर ठेवला. थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं. म्हातारा होत चाललेला, डाग पडलेला, अजून न थरथरणारा हात. निदान हे तरी नीट करावं, असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याने केलं तसं, ताठ बसून.

"माझी टोपी," तो म्हणाला.

दाराशी कोणी नव्हतं. मग बोगादोने थर्मास खाली ठेवला, उठून आत हाक मारली, आतल्या माणसांनी खोल्या धुंडाळल्या. कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचे, पिठाचा डबा सरकवल्याचे, देव्हाऱ्यातलं काहीतरी पडून फुटल्याचे आवाज आले. बोगादो परत आला.

"सापडत नाही, साहेब," तो म्हणाला. "कुठे ठेवतात ते फक्त पाब्लिनोला माहीत होतं म्हणे." आणि त्याने आकाशाकडे पाहून, खऱ्या काळजीने, पुढे म्हटलं, "या उन्हात बिनटोपीचं विमानतळापर्यंत जायचं म्हणजे त्रासच आहे."